खिडकीतला माणूस

१९ जून. चार हजार सातशे पन्नास रुपये. एवढे पैसे मोजून निवृत्त तपासनिसांनी जुन्या नाण्यानोटांच्या दुकानातून दहाची एक नोट घरी आणली.

"दहाची नोट पावणेपाच हजारांना? शंभराची आणाल तेव्हा घरच विकायला काढा!" बायको म्हणाली.

ते हसले नाहीत. नोटांच्या छापखान्यात त्यांनी एकतीस वर्षं तपासणी केली होती. शंभर कागदांची चवड एका कोपऱ्याने धरायची, पत्त्यांसारखी फर्रकन सोडायची, नजर एका जागी ठेवायची. डाग असला की तो उडी मारतो. सत्तावीस नंबरच्या नजरेतून काही सुटत नाही, असं छापखान्यात म्हणत. सत्तावीस म्हणजे हेच. आयुष्याची कमाई म्हणावी तर तेवढीच.

आता मात्र त्यांनीच पास केलेल्या एका खेपेमागे संग्राहक हात धुऊन लागले होते. नोटेच्या मागच्या बाजूला इमारतीचं चित्र होतं. इमारतीच्या एका खिडकीत माणसासारखा डाग होता; छपाईच्या प्लेटला तडा गेल्याने तो उमटला, असं संग्राहक म्हणत. तो आपल्याकडून सुटला, की नंतर कुणी मुद्दाम रंगवला? एवढं कळल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नव्हता.

अकरा नोटा जमल्या होत्या, ही बारावी. नंबरवार लावून त्यांनी चवड सोडली. कशानेच उडी मारली नाही.

"बघ! माझी चूक नाही."

बायकोने पहिली आणि शेवटची नोट शेजारी शेजारी ठेवली. "इथे नुसती रेघ. इथे अख्खा माणूस, काचेला तळवा लावून. आंधळ्यालाही दिसेल, अहो!"

त्यांनी मधल्या दहाही नोटा एकेक करून पाहिल्या. तडा नोटेगणिक केसभर वाढत गेला होता. उडी मारणारं त्यांना दिसायचं. पावलापावलाने येणारं नाही.

"मानही तुमच्यासारखीच वाकडी," ती हळू आवाजात म्हणाली.

त्यांनी चवड उलटी लावून सोडली. आता माणूस मागे जायला हवा होता. तो गेला नाही. मघाशी नुसती रेघ होती त्या नोटेवरही आता काचेला तळवा होता.

मग त्यांनी छापखान्याला पत्र लिहिलं: खेप मीच पास केली, दोष माझ्या नजरेतून सुटला. बाराही नोटा त्याच पाकिटात घातल्या. घरात त्या नकोच होत्या.

रजिस्टर टपालाचे बावीस रुपये बायकोने दिले. ते तिला अजून परत द्यायचे आहेत.