एकट्यानं उतरायचं नाय

नदीत उतरण्याआधी काका घाटाच्या पायरीवर बसून उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात धरायचे. डोळे मिटलेले, जणू नदीची नाडी बघतायत. मग म्हणायचे, "आज लय गार हाय. दोनच मिनिटं."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. रोह्यात एका कंपनीत मी बॉयलरवर होतो आणि काका माझे वरिष्ठ. मूळचे पेणकडच्या मिठागरातले. तुमच्यापैकी कोणी रात्रपाळी केली असेल तर ठाऊक असेल, सकाळी सातला सुटून घरी आडवं झालं तरी झोप येत नाही. अंगातला बॉयलर चालूच राहतो. काकांकडे त्यावर एकच इलाज होता: हिवाळ्यातली कुंडलिका, कंपन्यांच्या बऱ्याच वरच्या अंगाला.

पहिल्या दिवशी मी शहाणपणा केला. घामेजल्या अंगाने सरळ उडी मारली. छातीवर कोणी बसावं तसं झालं, श्वास ताब्यात राहिला नाही आणि नाकातोंडात पाणी गेलं. काकांनी दंडाला धरून मला पायरीवर आणलं.

"थंड बॉयलरला येकदम आग देतोस काय रं?"

"नाही."

"का?"

"तडकेल."

"मग अंगानं काय वाईट केलंय?"

तेव्हापासून त्यांची रीत मी निमूट पाळली. आधी घाम सुकवायचा. मग पाय, मग कंबर, आणि तिथे थांबून श्वास लांब होईपर्यंत वाट बघायची. त्यानंतरच खांदे. वरून धरणाचं पाणी सुटलं की नाही हे पायरीवरच्या ओल्या रेषेवरून बघायचं. "बरं वाटाया लागलं का निघायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुडकुडेपर्यंत थांबणाऱ्याला ते हावरा म्हणत. बाहेर आल्यावर अंग कोरडं, बंडी, स्वेटर, मगच थर्मासमधला गुळाचा चहा. पाळीतल्या एकाला छातीचं दुखणं होतं, तोही हौसेने आला. काकांनी त्याला काठावर बसवलं आणि आमचे कपडे सांभाळायला दिले. तो महिनाभर रुसला होता.

आणि सगळ्यांत वरचा नियम: एकट्यानं उतरायचं नाय. एकदा एकटे असताना त्यांच्या पोटरीत गोळा आला होता. कसेबसे रांगत बाहेर आले होते. मी आजारी असलो तर तेही आंघोळ न करता घरी जात, आणि दुसऱ्या दिवशी डोळे तांबडे घेऊन पाळीवर येत.

काका निवृत्त झाले तरी माझ्या सुटायच्या वेळेला घाटावर असत. पुढे मला जनरल शिफ्ट मिळाली. रात्री निवांत झोप मिळू लागली, खरं सांगायचं तर सकाळी ती सोडवेना. बाजारात भेटले की म्हणायचे, "जमलं का ये रविवारी." मी म्हणायचो, "येतो की, काका." त्यांना दुसरं कोणी मिळालं असेल अशी मी माझी समजूत घालून घेतली. दोन हिवाळे गेले.

काका गेल्याचं कळल्यावर त्यांच्या घरी गेलो. काकूंनी दोरीवरचा पंचा काढून घडी घातली, पुन्हा उलगडली.

"रोज जायचे घाटावर," त्या म्हणाल्या. "पाय बुडवून बसायचे नि परत यायचे. मी म्हनायची, घ्या की दोन बुड्या. तर म्हनायचे, जोडीदार येऊ दे."

"झोप लागायची का त्यांना?"

"कुठची झोप बाबा. छताकडं बघत पडायचे."

मला फार लाज वाटली. आजही वाटते.

पुढच्या रविवारी सकाळी सातला घाटावर गेलो. पायरीवर बसून मनगटापर्यंत हात पाण्यात धरला. लय गार होतं. शर्टाची दोन बटणं काढली होती, ती परत लावली. घोटे बुडतील इतपत पाय पाण्यात सोडून थोडा वेळ बसलो, आणि घरी आलो.