फोटोसाठी युनिफॉर्म

मी बसायच्या आत बाईंनी सोफ्यावर टॉवेल अंथरला. बसने आलीयस ना, घाम असेल, म्हणाल्या.

कुवेतमध्ये सलवा भागातला त्यांचा फ्लॅट. समोर मुलाखत घ्यायला मराठी मंडळाच्या कमिटीतले तीन इंजिनियर, बाईंचे यजमान त्यांचे अध्यक्ष. सगळे तेल कंपन्यांतले, गलेलठ्ठ पगाराचे. सार्वजनिक वाहतुकीत एम.टेक. करणाऱ्यासाठी मंडळाची स्कॉलरशिप होती आणि मला पुण्यात ॲडमिशन मिळाली होती. फी आमच्या आवाक्याबाहेरची. बाबा इथे बस चालवतात, आई नर्स. हाच विषय का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, शाळेपासून आईबरोबर उन्हात बसची वाट बघत उभी राहिलेय. स्टॉपला सावली नाही, बस कधी येईल याचा पत्ता नाही. अध्यक्ष हसले.

"बसने जातं कोण इथे? लेबर."

बाकीचेही हसले. वाहतुकीची स्कॉलरशिप वाटणारी माणसं, जन्मात इथल्या बसची पायरी चढलेली नाहीत. मग गाव विचारलं. मालवणजवळचं, म्हटलं. तेवढ्यावर भागलं नाही. वाडी कुठली? कोकणातल्या माणसाला वाडी विचारली की जात कळते. हे त्यांना माहीत, मलाही माहीत. मी वाडीचं नाव खणखणीत सांगितलं. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही.

स्कॉलरशिप मिळाली. वर एक फर्माईश. शुक्रवारी हॉलमध्ये सत्कार आहे, वडिलांना युनिफॉर्ममध्येच आण, देणगीदारांना फोटोत बरं दिसतं. माझं टाळकं सटकलं. पण बाबा खूश. सुट्टीच्या दिवशी स्वतः शर्टाला इस्त्री केली, बूट पुसले. लेकीचा सत्कार ना!

मला शाल घालून स्टेजवर बसवलं. पहिल्या रांगेत बाबांची खुर्ची. रिकामी. मी उठून शोधायला बाहेर गेले. पार्किंगमध्ये साहेबलोकांचे ड्रायव्हर फुटपाथवर ओळीने जेवत बसले होते. त्या ओळीत माझे बाबा. मांडीवर जेवणाचं पार्सल. दारातच मंडळाच्या एका पोराने युनिफॉर्म बघितला, हातात पार्सल दिलं आणि ड्रायव्हर लोकांचं बाहेर आहे म्हणून सांगितलं होतं. तुम्हीच घालायला लावलेला युनिफॉर्म! आणि बाबा मुकाट बाहेर गेले. आयुष्यभर बाहेर म्हटलं की बाहेर जायची सवय. त्या सवयीचाच मला भयंकर राग आला.

"जाव दे गो बाय," बाबा म्हणाले. "जेवाण बरा आसा."

माझ्या अंगाची आग आग झाली. आत आले तर अध्यक्ष माइकवर माझं कौतुक करत होते. ड्रायव्हरची मुलगी, ड्रायव्हरची मुलगी, तेच तेच. मी त्यांच्या हातातून माइक घेतला. ज्यांना फोटोसाठी बोलावलंत ते माझे बाबा बाहेर फुटपाथवर जेवतायत, एवढंच सांगितलं. अध्यक्ष कानाशी लागले. गैरसमज झाला गं, पोरांना वाटलं ड्रायव्हर आहेत.

"ड्रायव्हरच आहेत ते," मी माइकवरच म्हटलं. "तुमची स्कॉलरशिप मला नको."

शाल खुर्चीवर टाकली आणि उतरले.

आम्ही बसने घरी निघालो. उतरताना बाबा एवढंच म्हणाले की तुझं वर्ष गेलं. खरंय, गेलं. आई रडली. ओळखीपाळखीचे म्हणाले, पोरीला मस्ती आलीय. आलीय तर आलीय.

सध्या एका ऑफिसात नोकरी करते. बसनेच जाते. फी मी जमवीन आणि हाच विषय शिकेन. शिकून इथेच परत येईन. त्या हॉलच्या दारात लेबरसाठी सावलीचा स्टॉप मागेन, आणि मिळेपर्यंत मागत राहीन. तेव्हा तुमच्यासमोर बसायची वेळ आलीच तर टॉवेल अंथरून बघा.

आणि फोटोसाठी युनिफॉर्म हवा असेल, तर तुम्ही घाला. माझा बाप येणार नाही.