ओळंब्यालाच वाकडा म्हणणारा मिस्त्री

माझ्याइतका हट्टी गवंडी शोधून सापडायचा नाही. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगून टाकतो, तेवढीच लाज वाचते. तीस वर्षं मी आणि माझा धाकटा भाऊ जोडीनं विटा रचतोय. खरं म्हणजे हल्ली रचतो तो. मी खाली उभा राहून, मान वर करून चुका काढतो. "मिस्त्रींच्या डोळ्यातच ओळंबा आहे," असं कुणीतरी एकदा म्हणालं आणि मी ते इतकं मनावर घेतलं की दोरीला वजन बांधलेला खरा ओळंबा पिशवीतून बाहेर काढायचंच सोडलं.

मग एका सकाळी कूस बदलली आणि पलंग उलटला. म्हणजे पलंग बिचारा जागेवरच होता, मीच गादीला दोन्ही हातांनी गच्च धरून बसलो होतो. छत गरागरा फिरत होतं. अर्ध्या मिनिटात सगळं थांबलं.

"काय झालं हो?" बायकोनं विचारलं.

"काही नाही, चादर नीट करतोय."

दुसऱ्या दिवशी चपला घालायला वाकलो, पुन्हा तेच. झालं, मी स्वतःचा डॉक्टर बनलो. आधी चहा सोडला. मग मीठ-साखरेचं पाणी प्यायलो. मग चष्म्याला शिव्या घातल्या. अधूनमधून परांचीवर, म्हणजे बांबूच्या मचाणावर, चढायचं तेवढं सोडलं नाही. मिस्त्रीला चक्कर येते हे लोकांना कळलं तर मला काम कोण देणार, हीच धास्ती.

त्याच आठवड्यात धाकट्यानं एका घराच्या जिन्याची भिंत पार छतापर्यंत नेली होती. मी गेलो, ऐटीत मान वर केली आणि भिंत उजवीकडे कलंडली.

"ही काय भिंत आहे? डोळे झाकून रचलीस काय?"

"दादा, सरळ आहे."

"मला शिकवतोस?"

त्यानं गुपचूप वरून ओळंबा सोडला. दोरी वरपासून खालपर्यंत भिंतीला समांतर. घरमालक बघतोय, दोन मजूर बघतायत. आणि मी, तीस वर्षांचा अनुभवी मिस्त्री, म्हणालो, "ओळंबाच वाकडा आहे!"

एक मजूर फिस्सकन हसला. मग माझा तोल गेला तो गेलाच. "पाड ती! गाढवानं याहून बरी रचली असती. बापाचं नाव बुडवलंस!" आमचा बापही गवंडीच होता, म्हणजे शिवी जिव्हारी लागणार हे मला ठाऊक होतं. म्हणूनच दिली.

 धाकट्यानं हातोडी उचलून वरचे आठ थर पाडले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुन्हा रचले. होती तशीच भिंत झाली. हत्यारं पिशवीत भरता भरता तो म्हणाला, "उद्यापासून मी दुसरीकडे जातोय," आणि गेला. तीस वर्षांत पहिल्यांदा मी कामावरून एकटा घरी आलो. जेवण गेलं नाही. अहंकार मात्र दोन वेळा पोटभर जेवत होता.

तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "उठा, कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय."

"कानाच्या? मला ऐकू येतंय की!"

"येतं, पण ऐकता कुठं तुम्ही?"

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. चक्कर कधी येते, किती वेळ टिकते, सगळं विचारलं. बोबडी वळते का, एकाचे दोन दिसतात का, हातपाय लुळे पडतात का? "तसं काही झालं तर इथं यायचं नाही, थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं," असं बजावलं. मग म्हणाल्या, "काका, कानाच्या आत तोल सांभाळणारी जागा असते. तिथले बारीक कण सुटून भलत्या नळीत शिरले की मान वर केली, कूस बदलली, की जग फिरतंय असं वाटतं. चहाचा काही दोष नाही."

आठवडाभर उगाच चहाविना काढला होता!

त्यांनी माझी मान उजवीकडे वळवून मला झटकन आडवं केलं. खोली फिरली, मी टेबल धरलं आणि तोंडातून अस्सल बांधकामावरचा शब्द निसटला. "डोळे उघडे ठेवा, काका." त्या न रागावता म्हणाल्या. थोडं थांबून मान डावीकडे, मग कुशीवर, मग बसतं केलं. "घरी कुणाचं बघून मान पिरगाळत बसू नका. उठताना आधी काठावर बसा, मग उभे राहा. पुन्हा आली चक्कर तर या. आणि मी सांगेपर्यंत परांचीवर चढायचं नाही."

बाहेर आलो, भीत भीत वर बघितलं. समोरची इमारत सरळ उभी होती. म्हणजे भिंतही सरळच होती.

तसाच धाकट्याच्या घरी गेलो. पण पडलो तरी नाक वर! म्हणालो, "ती भिंत... तशी बरी होती म्हणायची."

"कान दाखवलास?" त्यानं विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"दादाला चक्कर येतेय, कान दाखवा, असं मीच वहिनीला सांगितलं; माझ्या शेजाऱ्याचंही असंच कानाचं निघालं होतं. जिना चढताना तीनदा कठडा धरून थांबलास, मला काय दिसत नाही?"

"अरे, मग तेव्हाच सगळ्यांसमोर बोलायचंस की, चक्कर दादाला येतेय!"

"बोललो असतो तर तू मला खोटं पाडायला तडक परांचीवर चढला असतास. त्यापेक्षा आठ थर पडलेले परवडले."

 मी विचारलं, "मग काम का सोडलंस?"

"बापाचं नाव मधे आणलंस म्हणून. ते अजून दुखतंय, दादा."

"चुकलो," मी म्हणालो. मोठा भाऊ झाल्यापासून हा शब्द मी वापरला नव्हता, त्यामुळे तो जरा घोगराच निघाला. डोळेही भरून आले.

धाकट्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला. "वर चढायला बंदी असेल ना? मग उद्यापासून खाली उभं राहायचं, पाइपनं विटा भिजवायच्या आणि वर बघायचं नाही. मजुराचं काम आहे, चालेल?"

"किती वाजता येऊ?" मी विचारलं.