रंगावरचा बोल्ट

१८ जानेवारी, शनिवार. काम एकच: गाडीतल्या हॅम रेडिओची शिट्टी घालवणे. इंजिन चालू केलं की तिच्यापुढे काही ऐकू येत नसे, आणि रविवारी आनेकलच्या सायकल शर्यतीत नऊ चौक्यांशी मला गाडीतूनच बोलायचं होतं.

मल्लेश्वरमच्या वायरिंगवाल्याने बॉनेट उघडलंच नाही. माझ्या शेजारी बसून त्याने डोळे मिटले. "अक्का, स्वल्प रेस द्या."

शिट्टी चढली तसा तोही तिच्या सुरात गुणगुणत चढला. मी पाय काढला, तो उतरला. असं चार वेळा. मला हसू आवरेना.

"ऑल्टरनेटर गातोय, इंजिनाबरोबर फिरत," म्हणत त्याने सीटखाली रेडिओची अर्थिंगची वायर चाचपली. "ही कुणी बसवली?"

"मीच."

"घट्ट बसवलीय. पण रंगावर! पत्र्याला भेटू द्या की तिला."

त्याने बोल्ट काढून तिथला रंग नखाएवढा खरवडला आणि वायर पुन्हा आवळली. शिट्टी गेली. "सूर चांगला होता हं," तोच हळहळला.

दोन आठवडे मी रेडिओची खरखर गाळणारे फिल्टर बदलत होते. शिट्टी नीट ऐकावी, हे सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन मुद्दाम चालू ठेवून मी नऊही चौक्यांची हजेरी घेतली. 'पुन्हा सांगा' एकदाही म्हणावं लागलं नाही.