नाना आणि बांगड्याचा पट्टा

कुत्र्याला विजेचा पट्टा बांधण्याआधी जनार्दन नाना तो स्वतःच्या गळ्याला लावत. रिमोटवरचा आकडा एकेक करून वाढवत जात आणि मान झटक्याने वाकडी झाली की म्हणत, "हां. याच्या निम्मं बास."

आमच्याकडे उरणला मिठागरं गेली, कंटेनर आले. लोकांनी ट्रक घेतले, नानांनी एका यार्डातली राखणीची कुत्री सांभाळली. निवृत्तीनंतर ते बंगलेवाल्यांच्या कुत्र्यांना शिकवायला जात. मी शेजारी आणि निवृत्त मास्तर, म्हणजे दुप्पट रिकामा, म्हणून सोबत जाई. एका साहेबांनी परदेशी पट्टा पुढे करून माहितीपत्रक अर्धा तास वाचून दाखवलं. त्यांच्या कुत्र्याचं नाव रोमन सम्राटाचं होतं आणि तो सोफ्यावर मुतत असे. नानांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही लावून बघितला का गल्याला?"

साहेब हसले. नाना हसले नाहीत.

त्यांची रीत साधी होती. 'बस' म्हणायचं, बारीक झटका सुरू ठेवायचा, कुत्रा बसला त्या क्षणी बंद. "ही वीज नाय मास्तर, टिचकी हाय. तुम्ही पोरांना खडू मारायचे, तशी. फक्त माझा नेम चुकत नाय."

त्यांचा स्वतःचा कुत्रा बांगडा. पिल्लू असताना कोळणीच्या पाटीतून तोच मासा पळवून तो या घरात शिरला होता. 'थांब' सांगून नाना बाजार करून आले तरी बांगडा जागचा हलत नसे. उठायची सुटी मात्र बटणावर नव्हती. ती फक्त नानांच्या तोंडून मिळे, "चल घरा." दुसऱ्या कुणाच्या बोलण्यावर उठला तर टिचकी.

"बटनावर उठायला शिकवला तर तो कोनाचाबी व्हईल," नाना म्हणत. "जो रिमोट उचलंल त्याचा."

थोर विचारांवर माझा सहसा विश्वास बसत नाही. हा मात्र मला पटला.

श्रावणातल्या अमावास्येच्या आदल्या दिवशी नाना खाडीच्या बांधावर उघाडी दुरुस्त करत होते. खारं पाणी शेतात शिरू न देणारं ते लाकडी दार. बांगड्याला तिथे 'थांब' सांगून ते कोयता आणायला घरी आले आणि उंबऱ्यातच कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पनवेलला न्यायच्या धावपळीत कुत्रा कुणालाच आठवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांची सून सुमन आणि मी बांधावर गेलो, तर तो तिथेच बसलेला.

"बांगड्या, चल घरा," सुमन म्हणाली. त्याने कान हलवले. मीही म्हणून पाहिलं. उचलायला गेलो तर दात दाखवले. भरती चढत होती. दुपारपर्यंत उधाणाचं पाणी बांधावरून जाणार, हे दिसत होतं.

पट्टा त्याच्या गळ्यात होताच आणि मी रिमोट आणला होता. बटण दाबलं. तो कळवळला आणि आणखी घट्ट बसला. टिचकीचा अर्थ त्याला एकच शिकवलेला होता. हे मला ठाऊक होतं, तरी मी आकडा वाढवला. पुन्हा दाबलं. पुन्हा.

सुमनने रिमोट माझ्या हातातून काढून घेतला. "मास्तर, तो ऐकतोय. तुम्हालाच कळत नाय."

पाणी त्याच्या पोटाला लागलं तेव्हा मला माझा मोबाइल आठवला. साहेबांना पाठवायला मी नानांचं आणि बांगड्याचं प्रात्यक्षिक त्यात टिपलं होतं. आवाज पूर्ण मोठा करून मी ते लावलं. वाऱ्याची घरघर, मग नाना, "चल घरा."

बांगडा उठला. आधी त्याने सगळी खाडी पाहून घेतली. मग घराकडे धावला आणि एकेक खोली हुंगत फिरला.

महिन्याभराने नाना घरी आले, पण बोलणं आलं नाही. पट्टा केव्हाच काढला होता, तरी बांगडा रोज दुपारी जाऊन बांधावर बसे. बांधून ठेवला तर जेवत नसे. म्हणून त्याला परत बोलवायला ते प्रात्यक्षिक सुमनने स्वतःच्या मोबाइलमध्ये घेतलं. नाना आले त्या दिवशी मीही तिथे होतो. संध्याकाळी तिने मागच्या दारातून ते लावलं. खाटेवर नानांचे ओठ हलायला लागले. स्वतःच्याच आवाजामागून, जरासे उशिरा. बांगडा पळत आत आला, खाटेजवळून गेला आणि सुमनच्या हातातला मोबाइल चाटू लागला. नानांचा डावा हात त्याच्यासाठी पुढे आला होता. तो बराच वेळ तसाच राहिला.

"नाना, त्याला अजून वास नाय लागला तुमचा," सुमन म्हणाली. "औषधाचा वास येतो ना अंगाला."

नानांनी मान हलवली. ती होकाराची नव्हती.

होळीच्या आधी ते गेले. दहाव्याला कावळा पटकन शिवला. माणूस सुटला, असं सगळे म्हणाले. त्याच संध्याकाळी सुमनने मागचं दार उघडून मोबाइल लावला, कारण कुत्रा बांधावर होता.

अजूनही दिवेलागणीला भिंतीपलीकडून नानांचा आवाज येतो, "चल घरा." माझ्या हातातलं पुस्तक मिटलेलं असतं, मी उभा असतो आणि एका पायात चप्पल असते. मग दुसरी शोधायचं थांबवून मी पुन्हा खुर्चीत बसतो.