पुण्याला विचारायचा प्रश्न

तो प्रश्न आमच्या गटाने दोन महिने घासूनपुसून तयार केला होता आणि मी तो अर्ध्या मिनिटात बुडवला. त्याचा राग अजून उतरलेला नाही. कधी तो साहेबांवर जातो, कधी गप्प बसलेल्या चार गुरुजींवर, पण फिरून फिरून माझ्यावरच येतो.

मी शिक्षिका नव्हते. नववीत होते तेव्हा लग्न झालं आणि शाळा सुटली. माहेर रावेरकडचं, केळीच्या बागांतलं. नवऱ्याला वनखात्यात नोकरी लागली आणि त्याची नेमणूक झाली साक्रीच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका गावात. माहेरी जायचं तर तीन गाड्या बदलाव्या लागत, अख्खा दिवस जाई. तिथली बोली वेगळी, भाकरी वेगळी, आणि पहिलं वर्षभर माझ्याशी बोलायला आले ते फक्त शेजारच्या पाड्यावरच्या बाया आणि त्यांची पोरं. त्यांच्याकडूनच मी त्यांची भाषा शिकले. शिकले म्हणजे काय, करमत नव्हतं म्हणून आली.

त्या गावात शाळा सोडलेल्या मुलांसाठी सरकारने संध्याकाळचं केंद्र काढलं. ते चालवायला शिकलेलं माणूस हवं होतं, आणि गावात नववीपर्यंत गेलेली बाई मी एकटीच. शिक्षणाचे विस्तार अधिकारी आले, त्यांनी माझ्याकडून पाटीवर चार ओळी लिहून घेतल्या आणि म्हणाले, "दहावी नाहीस, पण असू दे. मी बघून घेतो." ते 'मी बघून घेतो' मी पुढे कित्येक वर्षं देव्हाऱ्यातल्या टाकासारखं जपलं. साहेबांची जीप दिसली की मी डोक्यावरून पदर घ्यायची. आज काढतात की उद्या, एवढंच डोक्यात.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आसपासच्या पाच शाळांचे गुरुजी एकेका शाळेत जमत. त्याला गटसंमेलन म्हणायचे. पाचही शाळा एकशिक्षकी. महिनाभर एकट्याने चार वर्ग हाकलेली माणसं त्या दिवशी पोटभर बोलून घेत. गटातले सगळ्यांत वडील गुरुजी नरडाण्याकडचे. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. निवृत्तीला त्यांची दोनच वर्षं उरली होती. मला संमेलनाला त्यांनीच बोलावलं. "तू बी शिकाडस ना पोरेस्ले? मंग ये," एवढंच म्हणाले.

त्यांनी एक रीत पाडली होती. चहाच्या आधी प्रत्येकाने या महिन्यातली आपली फजिती सांगायची. काय चांगलं केलं ते इतिवृत्तात लिहायचं, चुकलं ते तोंडाने सांगायचं. फजिती सांगितल्याशिवाय चहा नाही. मला ही रीत फार आवडे, कारण तिथे नववीवाली आणि डी.एड.वाले एका सतरंजीवर यायचे.

एका शनिवारी नाना म्हणाले, "पहिलीत एक पोर शे. सहा महिना व्हयनात, तोंड उघडत नही. हाई पोर मुकी शे का काय, तेच माले समजत नही."

गटातले सगळ्यांत धाकटे गुरुजी म्हणाले, "नाना, तुमच्या मिशा पाहून तलाठी गप्प बसतो. ती तर पोर आहे."

मी त्या पोरीला ओळखत होते. तिची मावशी माझ्या शेजारी राहायची. मी म्हटलं, "नाना, ती मुकी नाही. माझ्या ओट्यावर येऊन कान किटेपर्यंत बडबडते."

"मंग तू इचार तिले," नाना म्हणाले.

सोमवारी मी त्यांच्या शाळेत गेले. नानांनी पुस्तकातल्यासारखं विचारलं, "तुझ्या घरी कोण कोण आहे?" पोर खाली बघत राहिली. मग मी तेच तिच्या पाड्यावरच्या भाषेत विचारलं, जी नानांना येत नव्हती. तिने आई, बाप, आजी सांगितली, मग अकरा शेळ्या नावानिशी सांगितल्या, आणि त्यांतली कुठली कोणाला मारते तेही. नाना खुर्चीत मागे रेलले. हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढे त्यांनी 'मंद' लिहिलं होतं. ते त्यांनी माझ्यासमोर खोडलं.

त्यानंतर गटाचं कामच बदललं. पहिलीचं पुस्तक मुलांच्या भाषेतून सुरू करायचं आणि दिवाळीनंतर हळूहळू पुस्तकाच्या भाषेवर आणायचं, असं ठरलं. त्यासाठी दर संमेलनात मी शब्द सांगायची आणि धाकटे गुरुजी शंभर पानी वहीत लिहायचे. डावीकडे पुस्तकातला शब्द, उजवीकडे पोरांच्या घरातला. पाचही शाळांत पहिलीची पोरं टिकायला लागली. शाळेकडे पाठ फिरवून पळणारी पोरं दारात येऊन उभी राहायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि मग साहेब तपासणीला आले. नाना पहिलीला शिकवत होते, पोरं हसत होती. साहेबांनी बाहेरूनच ऐकलं. "ही शाळा आहे की आठवड्याचा बाजार?" म्हणाले. आठवड्याने नानांना कागद आला. प्रमाण भाषेऐवजी बोलीत अध्यापन करता, खुलासा द्या, नाहीतर सेवापुस्तकात नोंद होईल. चौतीस वर्षं एक डाग नाही, आणि शेवटी हा कागद.

त्याच सुमारास ते दूरदर्शन संचावरचं प्रशिक्षण आलं. पुण्यात तज्ज्ञ बोलणार, गच्चीवरच्या मोठ्या तबकडीतून ते धुळ्यात दिसणार, शिक्षकांनी आपापल्या गटाने बसून पाहायचं आणि शेवटी प्रत्येक गटाने फोनवरून एक प्रश्न विचारायचा. नानांचे डोळे लकाकले. तज्ज्ञ बठ्ठ्या, सगळ्या गटांसमोर 'चालेल' म्हणाला, तर साहेब तो कागद कुठल्या तोंडाने पुढे रेटतील? आम्ही प्रश्न लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. शेवटी एवढाच ठेवला: पहिलीच्या मुलाला पुस्तकाची भाषा येत नसेल, तर सुरुवातीचे महिने त्याच्या घरच्या भाषेत शिकवलेलं चालेल का? विचारणार होते नाना.

धुळ्याला आम्ही सकाळच्या गाडीने गेलो. सभागृहात दोन बाकांवर टीव्ही चढवून ठेवलेला, आणि शंभरेक शिक्षक त्याच्याकडे माना वर करून बसलेले. पहिला अर्धा तास पडद्यावर नुसत्या मुंग्या. धाकटे गुरुजी म्हणाले, "आज मुंग्यांचं प्रशिक्षण दिसतंय. आपलं उद्या." नानासुद्धा हसले. मग चित्र आलं आणि तज्ज्ञ बोलायला लागले. बालककेंद्री शिक्षणावर बोलले, चांगलं बोलले. मूल जिथे उभं आहे तिथून सुरुवात करा, असंही म्हणाले. नानांनी माझ्याकडे पाहिलं. आम्हाला वाटलं, उत्तर निम्मं मिळालंच.

आमची पाळी यायच्या आधी साहेब आमच्या रांगेशी आले. "तुमच्या गटातून बाई बोलतील," माझ्याकडे बोट करून म्हणाले. "बाईचा आवाज पुण्याला गेला की बरं दिसतं." मला वाटलं, हरकत नाही, प्रश्न तर पाठच आहे. पण त्यांनी हातात चिठ्ठी दिली. 'कार्यक्रम अतिशय उपयुक्त आहे. असे कार्यक्रम वारंवार व्हावेत यासाठी आपली काय योजना आहे?'

मी म्हटलं, "साहेब, गटाचा प्रश्न वेगळा आहे."

ते आवाज न चढवता म्हणाले, "तुला केंद्र कोणी दिलं?"

"तुम्ही, साहेब."

"मग वाच."

हे चारही गुरुजींनी ऐकलं. एकही उठला नाही. धाकटे गुरुजी, ज्यांची जीभ कधी तोंडात राहायची नाही, ते चपलेकडे बघत होते. नाना उठायला लागले, तर साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मित्रासारखा, आणि बसवलं.

फोन माझ्या कानाला लागला. मी चिठ्ठी वाचली. क्षणभराने माझाच आवाज टीव्हीतून बाहेर आला. 'अतिशय उपयुक्त आहे.' पातळ, गोड, लोचट. आपला आवाज असा आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. तज्ज्ञ खूश झाले, "धुळ्याच्या ताईंचे आभार" म्हणाले, आणि पुढचा गट लागला.

स्टँडवर गाडीची वाट बघत आम्ही उभे होतो. नाना जवळ आले. "जाऊ दे बेटा. तुना काय गुन्हा शे?" म्हणाले. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते. त्या मायेचाच मला संताप आला. गुन्हा माझाच होता. मी उपकार फेडत होते, आणि ते नानांच्या जिवावर.

नानांनी खुलासा दिला. यापुढे पाठ्यपुस्तकाच्याच भाषेत शिकवीन, असं लिहून सही केली. शब्दांची वही धाकट्या गुरुजींनी शाळेच्या पेटीत टाकली. इतिवृत्तात ओळ पडली: दूरदर्शन प्रशिक्षण पाहिले, उपयुक्त वाटले. फजिती सांगायची रीतही त्या महिन्यापासून आपोआप बंद पडली, चहा मात्र चालू राहिला.

उन्हाळ्याआधीच पहिलीची पोरं एकेक करून गळायला लागली. ती शेळ्यांवाली, आता दुसरीत गेलेली पोरही. आणि शाळा सोडलेली पोरं कुठे येणार? माझ्याकडे. संध्याकाळी ओटा पुरेना. वर्षभरात माझ्या केंद्राचा पट तालुक्यात पहिला आला. साहेब जीप घेऊन आले, वही चाळली आणि चार लोकांसमोर म्हणाले, "बघा, नववी शिकलेली बाई. काम बघा."

नेहमीप्रमाणे 'तुमची कृपा' म्हणायला तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच. "ही पोरं नानांच्या शाळेतली आहेत, साहेब. त्यांच्या भाषेत शिकवणं बंद झालं म्हणून इकडे आली. तुम्ही बंद केलंत आणि मी चिठ्ठी वाचली."

आता केंद्र जाणार, नवऱ्याला काय सांगायचं, हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. साहेब हसले, वहीवर सही केली, "पट असाच ठेवा," म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

मला त्यांनी काढलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. काढायचा विचारही त्यांच्या मनात आला नसावा. ज्या भीतीपायी मी पुण्याला तो प्रश्न विचारला नाही, ती एवढीच होती. नाना तोवर निवृत्त होऊन नरडाण्याला गेले होते. त्यांना हे कळवायला मी पत्र लिहायला बसले. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ते अजून टाकलेलं नाही.