दागिन्यांसकट वजन

हट्टा गावच्या द्वारकाबाईंचा एक नेम होता: लग्नाची पोरगी परक्यांपुढे न्यायची ती नटवूनच. दवाखानाही त्याला अपवाद नव्हता. त्यांची लेक पुनम कॉलेजात चक्कर येऊन पडली, तेव्हा वसमतला डॉक्टरीणबाईंकडे नेताना त्यांनी तिला पाटल्या, तोडे आणि पदराआड चांदीचा कमरपट्टा चढवला. सगळं जुन्या घडणीचं, भरीव.

गेल्या वर्षी एका पाहुण्याने ‘पोरगी जरा भरलेली आहे’ म्हटले होते. तेव्हापासून पुनमने ताट सारले, की द्वारकाबाई शेजारणींना सांगत, “लई शहाणी हाय. खाण्यावर कंट्रोल हाय तिचा.” पोरगी वाळत गेली, स्थळं वाढत गेली.

नर्सने उंची आणि वजन घेतले. डॉक्टरीणबाईंनी हिशेब मांडला. “उंचीच्या मानानं वजन कमी आहे. आजाराची पायरी सौम्य.”

“सौम्य म्हंजी चांगलंच की!” द्वारकाबाई खूश झाल्या. “रविवारी पाव्हणे येऊन राहिले.”

“जेवत का नाहीस गं?”

“दंड जाड दिसून राहिले,” पुनम म्हणाली.

नाडी पाहायला डॉक्टरीणबाईंनी तिचा हात उचलला, तशा पाटल्या घसरत कोपरापर्यंत गेल्या. हात गार, नाडी मंद. “हे सगळं उतरवा. पुन्हा वजन करू.”

द्वारकाबाईंनी आडत्याशी घालावी तशी हुज्जत घातली. “दागिन्यासगट धरा की. तिलाच द्यायचे हायेत.”

“तुमची हळद ओली निघाली तर आडतीवर वजन कापतात ना?”

“कापतेत ना मेले!”

“मग?”

दुसऱ्या वजनाने मध्यम पायरी ओलांडून थेट तीव्र गाठली. “आणि नाडी अशी असली, की मी नुसत्या आकड्यावर थांबत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आजच भरती करा. जिवाला धोका आहे.”

“मध्यम धरा, बाई. रविवारपुरतं.”

डॉक्टरीणबाईंनी भरतीचा कागद लिहायला घेतला. नर्सने दागिने द्वारकाबाईंच्या ओटीत ठेवले. ओटी चांगलीच जड झाली. समोर पुनम अंगाभोवती हात आवळून कुडकुडत होती, भर एप्रिलात.

द्वारकाबाई बाहेर आल्या आणि त्यांनी स्थळ आणणाऱ्या उकंडरावांना फोन लावला. “रविवारचं राहू द्या.”

“काहून? पोरगी लई नाजूक हाय, असं तुमीच तर सांगितलं होतं.”

“व्हय,” द्वारकाबाई म्हणाल्या. “तेच दुखणं हाय.”